कामेहामेहा शाळेत मुलीला घालायचंय: वंशाचे दाखले, प्रार्थना आणि अळूचं शेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा मराठी, बायको हवाईतल्या ओआहू बेटावरची, आईच्या बाजूने हवाईयन वंशाची. बिऱ्हाड होनोलुलूत, मुलगी चार वर्षांची. बायकोची इच्छा आहे की मुलीने हवाईयन वंशाच्या मुलांना प्राधान्य देणाऱ्या कामेहामेहा शाळेत शिकावं. घरात गणपती बसतो, शाळा मात्र ख्रिस्ती. प्रवेश कसा मिळतो, तिथे नक्की काय शिकवतात, आणि हवाईयन संस्कृती व ख्रिस्ती मूल्यं या दोन गोष्टी एका शाळेत नांदतात कशा?

आधी सरळ उत्तर. तुमची मुलगी अर्जाला पात्र ठरू शकते. वंशाला टक्केवारीची अट नाही, एक पूर्वज कागदावर सिद्ध झाला तरी पुरतं. पण जागा थोड्या आणि अर्ज कितीतरी जास्त, त्यामुळे पात्र ठरणं म्हणजे प्रवेश नव्हे. कागदांचं काम अर्जाची मुदत जवळ आल्यावर नाही, आजच सुरू करा. बाकीचं समजून घ्यायला शाळेच्या मुळाशी जावं लागेल, कारण ही शाळा म्हणजे एका बाईचं मृत्युपत्र आहे. शुल्क, प्रवेश, प्रार्थना, कोर्टकचेऱ्या, सगळं तिथून निघतं.

ती बाई म्हणजे बर्निस पौआही बिशप. जन्म १९ डिसेंबर १८३१. हवाई बेटं एका राज्याखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाची पणती. शिक्षण मिशनऱ्यांनी चालवलेल्या राजघराण्याच्या मुलांच्या शाळेत झालं, लग्न न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या चार्ल्स रीड बिशपशी, जो पुढे बँकर झाला. मूलबाळ नव्हतं. १८८३ च्या ऑक्टोबरात तिने मृत्युपत्र केलं आणि वर्षभरात, १६ ऑक्टोबर १८८४ ला ती गेली. तिच्या हयातीत तिचे लोक डोळ्यांदेखत संपत चालले होते. बाहेरून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली होती. १८८४ च्या जनगणनेत हवाईयन आणि अंशतः हवाईयन मिळून जेमतेम ४४ हजार माणसं उरली होती. मृत्युपत्राच्या तेराव्या कलमात तिने सांगितलं की आपली जमीन विश्वस्तांकडे राहावी आणि तिच्या उत्पन्नातून मुलांची एक आणि मुलींची एक अशा दोन शाळा चालाव्यात. मुलांची शाळा ४ नोव्हेंबर १८८७ ला ३७ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली, मुलींची १८९४ मध्ये. मुलं-मुली एकत्र शिकायला लागली ती १९६५ पासून.

जमीन केवढी? सुमारे पावणेचार लाख एकर. त्यातली बहुतेक पौआहीला तिची चुलत बहीण राजकन्या रूथ के'एलिकोलानी हिच्याकडून मिळाली, आणि रूथ १८८३ च्या मे महिन्यात, म्हणजे मृत्युपत्राच्या पाच महिने आधी वारली होती. ही रूथ मिशनऱ्यांच्या धर्मापासून दूर राहिली. इंग्रजी समजत असूनही ती हवाईयनच बोलायची. १८८१ मध्ये मौना लोआचा लाव्हा हिलो गावाच्या दिशेने सरकू लागला तेव्हा ज्वालामुखीच्या पेले देवीला नैवेद्य दाखवायला लोकांनी तिलाच बोलावून नेलं होतं. प्रोटेस्टंट शाळेच्या पायाखालची जमीन बहुतांशी या बाईची. शाळेतल्या दोन धाग्यांबद्दल तुम्ही विचारलंत. ते दोन धागे पहिल्या दिवसापासून सातबाऱ्यावरच आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

ख्रिस्ती बाजू मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारं जे बोस्टनचं मंडळ, त्याचीच पहिली तुकडी १८२० मध्ये हवाईला पोचली. मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार याच मंडळाच्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या शाळेचं मनावर घेतलं, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्याकडे शाळा घेतली गेली आणि धर्म बहुतेकांनी बाजूला ठेवला. हवाईत राजघराण्यानेच धर्म घेतला. मिशनरी येण्याआधी, १८१९ मध्येच, त्यांनी जुनी 'कापू' म्हणजे सोवळ्याओवळ्याची व्यवस्था स्वतः मोडली होती. मिशनऱ्यांनी भाषेला लिपी दिली, छापखाना आणला, १८३९ पर्यंत अख्खं बायबल हवाईयनमध्ये आणलं, आणि ईश्वरासाठी शब्द घेतला तो जुनाच, 'अकुआ'. पेले हीसुद्धा अकुआच. तुमची मुलगी शाळेत 'के अकुआ'ची प्रार्थना म्हणेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त घरं अडखळतात. ज्यांनी जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत तालुक्याच्या गावी चकरा मारल्या आहेत, त्यांना हे काम लगेच कळेल. १७७८ च्या आधी, म्हणजे इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक येण्याच्या आधी, बेटांवर राहणाऱ्या मूळ लोकांचा वंशज तो हवाईयन, अशी व्याख्या आहे. सिद्ध करायचं ते जन्मदाखल्यांच्या साखळीने: मुलीचा दाखला, त्यावर आईचं नाव, आईचा दाखला, त्यावर आजीचं, असं वर वर जात, जिथे 'हवाईयन' किंवा 'अंशतः हवाईयन' अशी नोंद स्पष्ट सापडते तिथपर्यंत. शाळेचा पडताळणी विभाग प्रवेश विभागापासून वेगळा आहे. म्हणजे दोन अर्ज, दोन फायली. प्रवेशाचा अर्ज वेळेत गेला आणि पडताळणी अर्धवट राहिली, तर अर्ज तिथेच थांबतो.

नेहमीची पहिली चूक म्हणजे चुकीचा दाखला मागवणं. हवाईच्या आरोग्य खात्याकडून संगणकावर छापलेला जो छोटा दाखला मिळतो, त्यावर मूळ नोंदीतला सगळा तपशील नसतो. पासपोर्टला तो चालतो, इथे तो पुरेलच असं नाही. मूळ नोंदीची प्रमाणित प्रत, म्हणजे ज्यात आई-वडिलांचा वंश लिहिलेला असतो तो लांब दाखला हवा, आणि अर्जात तसं स्पष्ट लिहून मागवावा लागतो. पहिल्या प्रतीला १० डॉलर, त्याच नोंदीच्या पुढच्या प्रत्येक प्रतीला ४. दोन प्रती घ्याच. तुमच्या बायकोच्या आजीचा दाखला तुम्ही मागवू नका, बायकोनेच मागवावा. नोंदी फक्त जवळच्या नातेवाइकांना मिळतात आणि नातं दाखवावं लागतं.

दुसरी अडचण नावांची. जुन्या काळी हवाईयन माणसाला एकच नाव असायचं, आडनाव नव्हतंच. १८६० मध्ये कायदा झाला की बापाचं नाव आडनाव म्हणून लावावं आणि मुलाला एक ख्रिस्ती नाव द्यावं. सगळ्यांनी तो एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने पाळला नाही, त्यामुळे चार भावांची चार आडनावं, हे कागदोपत्री सर्रास दिसतं. त्यात बायकांची लग्नानंतरची नावं. दोन दाखल्यांत एकाच बाईची दोन नावं असतील तर मधला दुवा म्हणून लग्नाचा दाखला जोडायचा, नाहीतर पडताळणारा माणूस ती एकच व्यक्ती मानणार कशी? काही घरांत वंशाच्या रकान्यात भलतंच लिहिलेलं सापडतं, कारण त्या काळी हवाईयन म्हणवून घेण्यात फायदा नव्हता. अशा वेळी थोरल्या भावंडाचा जन्मदाखला, मृत्यूचा दाखला, राज्याच्या अभिलेखागारातल्या जुन्या नोंदी यांनी साखळी सांधता येते. डीएनए चाचणीच्या भरवशावर राहू नका. ती फार तर पॉलिनेशियन वंशाचा अंदाज देते, पूर्वज कोण ते सांगत नाही.

तिसरी गोष्ट 'हानाई'ची. नातवंड आजीने वाढवणं, भावाचं मूल बहिणीने स्वतःचं म्हणून घेणं, ही हवाईयन घरांतली जुनी, मानाची रीत आहे. पण पडताळणी रक्ताच्या नात्यावर चालते. सासूबाई किंवा त्यांची आई कुणाकडे हानाई गेली असेल, तर जन्म देणाऱ्या आईचा कागद लागेल. हे घरात कधीकधी नाजूक असतं, म्हणून विचारणाऱ्याने जपून विचारावं, आणि जावयापेक्षा लेकीने विचारलेलं बरं.

आणखी एक गैरसमज. हवाईयन होमस्टेडची, म्हणजे सरकारने हवाईयन लोकांसाठी राखून ठेवलेली जमीन मिळायला १९२१ च्या कायद्याप्रमाणे निम्मं रक्त हवाईयन असावं लागतं. बरेच जण ती अट शाळेलाही आहे असं समजून अर्जच करत नाहीत. शाळेला तशी अट नाही.

तीन आवारं आहेत: होनोलुलूच्या डोंगरावरचं कापालामा, मौईवरचं पुकालानी आणि मोठ्या बेटावरचं के'आ'आउ. शेवटची दोन १९९६ आणि २००१ ची. शिवाय बेटाबेटांवर मिळून तीसच्या आसपास बालवाड्या. कापालामाला शेजारच्या बेटांवरच्या मुलांसाठी सातवीपासून वसतिगृह आहे. प्रवेश प्रत्येक इयत्तेत होत नाही. बालवर्ग हा मोठा दरवाजा, मग वर मोजक्याच इयत्तांना. तुमची मुलगी चार वर्षांची, म्हणजे तुम्ही अगदी योग्य वेळी आहात. अर्ज मात्र आधल्या वर्षीच्या शरदातच भरावा लागतो. सरकारी शाळांत ३१ जुलैला पाच पूर्ण हा नियम आहे. या शाळेची वयाची चौकट त्या वर्षीच्या सूचनेत स्वतंत्र पाहा, सरकारी तारीख गृहीत धरू नका.

बालवर्गाला लेखी परीक्षा नसते. छोट्या गटात मुलांना खेळवून, बोलतं करून, सांगितलेलं ऐकतात का, आपली पाळी येईपर्यंत थांबतात का, हे पाहतात. घरी अक्षरं घोकून घेण्यापेक्षा अनोळखी मोठ्या माणसापाशी तासभर आईशिवाय रमायची सवय लावा, ते जास्त कामी येईल. मराठी घरात वाढलेलं मूल इंग्रजी उशिरा बोलतं म्हणून घाबरू नका. मात्र अर्जात घरची भाषा खरी लिहा.

शुल्क घेतात, पण एका मुलामागे शाळेचा जो खर्च होतो त्याच्या छोट्या हिश्शाइतकंच. बाकी सगळं पौआहीच्या जमिनीतून आणि तिच्यावर वाढलेल्या निधीतून येतं. वायकिकीतल्या रॉयल हवाईयन सेंटर या खरेदी-संकुलाखालची जमीनही याच संस्थेची. शुल्कात सवलतीचा अर्ज तिसरा आणि वेगळा, उत्पन्नाच्या कर-कागदांसह. मध्यमवर्गीय घरंही त्यात बसतात, म्हणून 'आपल्याला काय मिळणार' म्हणत सोडून देऊ नका.

आता धर्म. मृत्युपत्रात पौआहीने लिहिलं की शिक्षक कायम प्रोटेस्टंट असावेत. पंथ कुठलाही चालेल. हे कलम शंभर वर्षं टिकलं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने निकाल दिला की नोकरीत अशी अट बेकायदेशीर आहे, कारण शाळेचं मुख्य काम धर्मप्रसार नव्हे, सर्वसाधारण शिक्षण आहे. तेव्हापासून शिक्षकांवर ती अट नाही. विद्यार्थ्यांवर धर्माची अट नाही. बौद्ध, मॉर्मन, कॅथलिक, कुठलाच धर्म न मानणाऱ्या, सगळ्या घरांतली मुलं तिथे आहेत. पण शाळा स्वतःला ख्रिस्ती म्हणवते आणि तसं वागते. दिवसाची आणि समारंभाची सुरुवात 'पुले'ने, म्हणजे प्रार्थनेने. आवारात चॅपल. ख्रिस्ती शिक्षणाचे तास वेळापत्रकात. आणि 'काहू', म्हणजे पाद्री, शाळेच्या नोकरीत. काहू या शब्दाचा मूळ अर्थ राखण करणारा, सांभाळणारा.

मुलीला त्या तासांतून सूट मिळेल असं धरून प्रवेश घेऊ नका. घरी गणपती आहे हे लपवायचीही गरज नाही. मुलं चॅपलमधलं भजन आणि घरची आरती सहज वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. गोंधळ उडतो तो मोठ्यांचा. तुम्हाला खरंच खटकत असेल तर अर्जाआधी ठरवा. दुसरी-तिसरीत गेल्यावर तक्रार केली तर मुलीची मात्र ओढाताण होते.

संस्कृतीची बाजू मात्र मृत्युपत्रातून आलेली नाही, आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. पौआहीने मागितलं होतं ते प्रचलित इंग्रजी शिक्षण, नीतीचे धडे आणि हाताला काम देणारं उपयुक्त ज्ञान. हवाईयन भाषा शिकवा असं तिने कुठेही लिहिलेलं नाही. ती तेव्हा घराघरांत होती, कुणाला शिकवायची गरज काय! १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं गेलं आणि १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच माध्यम झालं. कामेहामेहा शाळाही त्याच वाटेने गेली. मुलींनी उभ्याने हुला, म्हणजे हवाईयन नाच, करणं शाळेत १९६० च्या दशकापर्यंत वर्ज्य होतं. नोना बीमर विद्यार्थिनी असताना याच कारणाने शाळेतून काढल्या गेल्या, आणि पुढे त्याच शाळेत जवळपास चाळीस वर्षं त्यांनी हवाईयन संस्कृती शिकवली. आज तुमची मुलगी जे शिकेल ते अशा माणसांनी आतून लढून आणलेलं आहे. ख्रिस्ती धागा विणतानाच घातलेला, संस्कृतीचा नंतर हाताने भरलेला. म्हणून शिवण कुठे कुठे दिसते: हुलाच्या लाका देवतेचं आवाहन करणाऱ्या ओळी कुठे म्हणायच्या, कुठे नाही, यावर शिक्षकांमध्ये आजही मनापासून चर्चा होते. मला तो शाळेचा कमीपणा वाटत नाही. न बोलता दाबून टाकण्यापेक्षा हे बरं.

भाषेत मराठी बाप म्हणून तुम्ही मुलीला खरी मदत करू शकता. हवाईयनमध्ये पाच स्वर आणि आठ व्यंजनं, बस. त्यातलं एक व्यंजन म्हणजे 'ओकिना', घशात क्षणभर अडवलेला श्वास. इथे तो ' या खुणेने दाखवला आहे. ओकिना आहे की नाही आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ फिरतो: 'पउ' म्हणजे संपलं, 'प'उ' म्हणजे काजळी, 'पा'ऊ' म्हणजे बायकांचा घागऱ्यासारखा पोशाख. इंग्रजी कानाला हा फरक पकडायला वर्ष लागतं, सुर-सूर आणि दिन-दीन यांवर वाढलेल्या कानाला नाही. क आणि प उच्चारताना इंग्रजी बोलणारे हवा सोडतात, ख-फच्या जवळ जातात. आपला साधा क, साधा प बरोबर बसतो. त्यांचा 'व'सुद्धा आपल्या 'व'सारखाच, इंग्रजी v आणि w यांच्या मधला. प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, जोडाक्षर नाही. घरी देवनागरीत लिहून सराव करा, पण ओकिना आणि दीर्घ कधीच गाळू नका. गाळलं की चुकीचं तेच तोंडात बसतं.

शाळेत पाहुणे येतात तेव्हा 'ओलि' म्हणजे पठण होतं. आलेले लोक दारात थांबून आत यायची परवानगी मागणारी ओलि म्हणतात, यजमान उत्तराची ओलि म्हणतात, मगच पाऊल आत. मध्येच फोटो काढायला पुढे जाणं, उत्तर यायच्या आधी चालू लागणं, हे पालकांकडून हमखास होतं. उभे राहा, हात खाली, पूर्ण होऊ द्या. गरोदर बाईला बंद लेई, म्हणजे गळ्यातली माळ, घालत नाहीत, दोन्ही टोकं सुटी असलेली देतात. तुमच्या घरच्या बायकांना हे आधी सांगून ठेवा. शिक्षकाला 'कुमू', वडीलधाऱ्यांना 'कुपुना'. काका-मावशी म्हणायची सवय असलेल्या मुलीला हे जड जाणार नाही.

आणि अळू. हवाईचं 'कालो' म्हणजे आपलं अळूच, जात तीच. आपण पानं खातो, ते मुख्यतः कंद. त्यांच्या कथेत वाकेआ आणि हो'ओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, पुरलं तिथे कालो उगवला, आणि दुसरं मूल हालोआ म्हणजे माणसांचा पूर्वज. म्हणून कालो हा थोरला भाऊ. मुलं कमरेएवढ्या चिखलात 'लो'ई'मध्ये, म्हणजे अळूच्या पाणथळ वाफ्यात, उतरतात ती या नात्याने. लावायचं ते 'हुली': पानं कापलेला वीतभर देठ आणि खाली कंदाची बोटभरही नाही अशी चकती. चकती जाड ठेवली तर कुजते, अजिबात नसेल तर मूळ धरत नाही. पाणी वाहतं आणि गार हवं. साचून तापलं, २५ अंशांच्या वर गेलं, की कंद सडायला लागतो. वाफ्यात येणाऱ्या पाण्याइतकंच बाहेर जाणारं पाणीही पाहावं लागतं, कारण खालचा वाफा दुसऱ्याचा असतो. सोनेरी गोगलगायी कोवळे कोंब फस्त करतात, त्या हातानेच वेचाव्या लागतात. नऊ ते बारा महिन्यांनी काढणी. कच्चा कंद घशाला खाजतो, हे अळूवडी करणाऱ्या घराला सांगायला नको. आपण चिंच घालतो, ते तासन्‌तास शिजवतात, मग लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात. घट्ट गोळा तो 'पा'इ'आइ', पाणी घालून सैल केला की 'पोई'. पोईचं भांडं उघडं असताना भांडण करायचं नाही, अशी रीत आहे. थोरला भाऊ पानात बसलेला असतो.

शाळेच्या मालकीच्या जमिनींवरचे असे वाफे आणि तलाव हेच वर्ग बनतात. काने'ओहे उपसागरातला हे'एइआचा मत्स्यतलाव पाहिला नसेल तर मुलीला घेऊन जा. ८८ एकरांचं पाणी, त्याभोवती दोन किलोमीटरांहून लांब दगड-प्रवाळाची भिंत, सहाशे ते आठशे वर्षं जुनी. भिंतीत 'माकाहा' नावाची जाळीदार दारं: बारकी मासोळी आत शिरते, वाढली की बाहेर पडू शकत नाही. बाहेरून आणून लावलेल्या खारफुटीच्या मुळांनी भिंत पार उसवली होती. ती तोडून दगड परत रचायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्या कामाला हात लागतात. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा जमिनीचा पट्टा तो 'आहुपुआ'आ'. वर झाड तुटलं तर खाली मासा कमी होतो, हे मुलं इथे पायांनी शिकतात.

शाळेचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे गायनस्पर्धा. १९२१ पासूनची. कापालामाच्या नववी ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेतली झाडून सगळी मुलं, म्हणजे एकेका गटात शेकड्यांनी, हवाईयन गाणी वाद्याशिवाय गातात: मुलींचं, मुलांचं आणि एकत्र. दिग्दर्शन विद्यार्थ्यांचंच. गाणारी निवडक मंडळी नसतात, बेसूर मुलगाही रांगेत असतो, आणि तिथेच खरी कसोटी. सुरुवातीचा सूर एकदा मिळतो, मग आधार नाही. चढ्या ओळीनंतर एवढा मोठा गट हळूहळू उतरत जातो आणि शेवटच्या कडव्यात सूर खाली गेलेला कळतो. परीक्षक भाषेलाही गुण देतात. चारशे तोंडांतून दीर्घ स्वर एकाच लांबीचा निघाला पाहिजे. निकालाची बेरीज होईपर्यंत रंगमंचावर हुला आणि कथेचा कार्यक्रम. दूरचित्रवाणीवर सगळी बेटं पाहतात.

संस्थेच्या कटू भागाबद्दलही तुम्हाला माहीत असावं. विश्वस्त हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी नेमावेत असं मृत्युपत्रात होतं. १९९० च्या दशकात पाच विश्वस्त वर्षाला प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या आसपास घेत होते आणि शाळेच्या कारभारात हात घालत होते. मे १९९७ मध्ये पालक, माजी विद्यार्थी, शिक्षक रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये पाच मान्यवरांचा जाहीर लेख आला. कर खात्याने करमाफी काढून घेण्याचा इशारा दिला. १९९९ पर्यंत पाचही जण गेले. आता नेमणूक प्रोबेट न्यायालय, म्हणजे मृत्युपत्रांचं काम पाहणारं न्यायालय, करतं. वर्षाचा हिशेब जाहीर करण्याचं बंधन पौआहीनेच घालून ठेवलं होतं. तो वाचा.

प्रवेशातल्या हवाईयन प्राधान्यावरही लढाई झाली. २००३ मध्ये दावा, २००५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाचा शाळेविरुद्ध निकाल, २००६ च्या डिसेंबरात पूर्ण पीठाचा आठ विरुद्ध सात मतांनी शाळेच्या बाजूने, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेण्याआधी तडजोड. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धचा वंशाधारित प्रवेशाचा खटला जिंकलेल्या संघटनेने होनोलुलूच्या संघीय न्यायालयात नवा दावा दाखल केला आहे. त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचे नियम त्या वर्षीच पाहा, मैत्रिणीच्या मुलाला काय लागलं होतं त्यावर जाऊ नका.

एक शब्द तिथे रोज ऐकू येईल: 'कुलेआना'. हक्क आणि जबाबदारी एकाच शब्दात. १८५० च्या कायद्याने कसणाऱ्याला मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यालाही हेच नाव. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'वतन', त्याची जुनी पातकं बाजूला ठेवून पाहिलं तर: जमीनही, मानही, आणि गावाची चाकरीही. पालकांकडून हीच अपेक्षा असते. मुलीला दारात सोडून निघून जाणारं घर तिथे लवकर एकटं पडतं. शनिवारी वाफ्यात उतरावं लागेल.

जागा मिळाली नाही तर? बालवर्गाला नाव लागलं नाही म्हणून दार बंद होत नाही, पुढच्या प्रवेश-इयत्तेला पुन्हा अर्ज करता येतो, आणि वंशाची पडताळणी एकदा झाली की ती परत करावी लागत नाही. दरम्यान 'पूनाना लेओ' बालवाड्या पाहा, १९८४ पासून पूर्ण हवाईयन माध्यमातून चालतात. तिथे वंशाची अट नाही, मात्र पालकांनाही भाषेचे तास आणि श्रमाचे तास द्यावे लागतात. त्यापुढे सरकारी हवाईयन-माध्यम शाळा आहेत, १९८७ पासून, राज्यभरात वीसहून जास्त ठिकाणी. मुलीच्या आईला आजीची भाषा घरात परत यावी असं मनापासून वाटत असेल, तर ही वाट कामेहामेहापेक्षा जवळची आहे, कारण कामेहामेहाचं मुख्य माध्यम इंग्रजीच आहे. दोन्हीकडे अर्ज करा. लांब दाखल्याची मागणी मात्र या आठवड्यात टाका.